दिनविशेष : ४ सप्टेंबर
पहिल्या खो-खो लीगचा निकाल एका गुणाने

४ सप्टेंबर २०२२, रविवार. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत झाली. ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे हरवले. सूरज लांडेने शेवटच्या क्षणी आकाशीय सूर मारून गडी टिपला आणि त्या एका सुराच्या तीन गुणांनी पारडे फिरले. १४ ऑगस्टपासून सहा संघ खेळत होते.

मातीतला खेळ मॅटवर आला. कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला आक्रमक म्हणजे 'वझीर' आला, दोन वझीर उतरवण्याचा पॉवरप्ले आला. जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली असतील, पण खो-खोपटूला खेळण्याचे मानधन मिळू लागले, हे मोलाचे.

धाराशिवकरांनी मात्र या तारखेकडे थोडे तिरकस पाहायला हवे. या जिल्ह्याचे खो-खोतले नाव मोठे केले ते मुलींनी. सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले; २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आणि लीग? पुण्यातल्या त्या हंगामातले सहाही संघ पुरुषांचे. कटकला झालेल्या दुसऱ्या हंगामातही तेच. विश्वचषक आणणाऱ्या मुलींना लीगचे मैदान नाही, हे न शोभणारे आहे. पुढचा हंगाम भरवणाऱ्यांनी आधी महिलांचे संघ जाहीर करावेत.