पाया बदलण्याचा क्षण कोणाचा?

मोठ्या सॉफ्टवेअरवर शेकडो अभियंते एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकाचे काम इतरांच्या कामावर उभे असते. ते इतरांचे काम रोज बदलते. म्हणून प्रत्येक गटाला कामाचा स्वतंत्र प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, दिला जातो. हा प्रवाह एका गोठवलेल्या, तपासलेल्या अवस्थेवर उभा असतो. तिला बेसलाइन म्हणतात. नवी बेसलाइन जाहीर झाली की प्रवाह तिच्यावर आणून बसवावा लागतो. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या साधनांत हे काम मेनूतल्या एका ओळीचे आहे, त्यामुळे ते किरकोळ देखभालीत जमा केले जाते. ही समजूत चुकीची आहे. त्या ओळीमागे अनेक दशके चाललेला एक प्रश्न आहे: आपल्या कामाखालचा पाया कधी बदलायचा, हे कोणी ठरवायचे? कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या शास्त्राने बदल थांबवायला शिकवले, असे त्याच्या इतिहासाविषयी नेहमी सांगितले जाते. माझ्या मते त्याची खरी कमाई वेगळी आहे. बदल कोणत्या क्षणी स्वीकारायचा, हा एक जबाबदार आणि नोंदवलेला निर्णय झाला पाहिजे, हे त्याने शिकवले.

या शिकवणीचा उगम संगणकात नाही, अमेरिकी हवाई दलाच्या क्षेपणास्त्रांत आहे. १९५० च्या दशकात तिथे आराखडा, उत्पादन आणि चाचणी ही तिन्ही कामे एकाच वेळी रेटली जात होती. कारखान्यात एखादा भाग बदलला जाई, कागदावर जुनाच राही आणि चाचणी फसली की नेमके काय उडवले होते याचाच शोध घ्यावा लागे. त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचे लेखी नियम तयार झाले. ठरावीक टप्प्यावर आराखडा मंजूर करून गोठवायचा आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल एका बदल-नियंत्रण मंडळापुढे आणायचा, असा त्यांचा गाभा होता. मिनटमन क्षेपणास्त्राचा कार्यक्रम सांभाळलेले सॅम्युएल फिलिप्स १९६४ मध्ये नासात आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात अपोलोसाठी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची पुस्तिका निघाली. त्यातल्या एका तपशिलाकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष जात नाही. बदल मंजूर झाला तरी तो सगळ्या यानांना एकदम लागू होत नसे. एक यान जुळणीवर असे, दुसरे चाचणीत, तिसरे प्रक्षेपणाच्या तयारीत. कोणता बदल कितव्या यानापासून लागू होणार, हे मंजुरीबरोबरच ठरवावे लागे. प्रवाहाने नवी बेसलाइन कधी घ्यायची, या आजच्या प्रश्नाचे मूळ रूप तिथे आहे.

नियम पुस्तिकेत असणे आणि कामात असणे यांतले अंतर अपोलोच्या यानाला २७ जानेवारी १९६७ रोजी लागलेल्या आगीनंतर उघड झाले. त्या आगीत गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाला आढळले की ते यान, म्हणजे कमांड मॉड्यूल ०१२, नासाच्या ताब्यात आले तेव्हा ११३ महत्त्वाचे अभियांत्रिकी आदेश अमलात यायचे बाकी होते. त्यानंतर आणखी ६२३ आदेश निघाले, आणि त्यांपैकी अगदी अलीकडचे २२ अपघाताच्या वेळी नोंदींत चढलेलेच नव्हते. यावर आक्षेप येईल की आग नोंदींमुळे लागली नाही. ते खरेच आहे. शुद्ध प्राणवायूने भरलेली बंद कुपी, असुरक्षित तारा आणि ज्वालाग्राही सामान ही त्यामागची कारणे होती. ठिणगी नेमकी कुठे पडली हे मंडळालाही सांगता आले नाही. माझा मुद्दा त्याहून मर्यादित आहे. ज्या यानात तीन माणसे बसवली, ते यान त्या दिवशी नेमके कोणत्या अवस्थेत होते, हे कागदावरून पूर्ण कळत नव्हते. त्यानंतर यानाच्या कार्यक्रमाची सूत्रे जॉर्ज लो यांच्याकडे आली. त्यांच्या बदल-नियंत्रण मंडळाने जून १९६७ ते जुलै १९६९ या काळात ९० बैठकांत १,६९७ बदल विचारात घेतले आणि १,३४१ मंजूर केले. बदल अडवण्यासाठी नेमलेले मंडळ दर पाचांपैकी जवळपास चार प्रस्ताव मंजूर करत नाही. बदल भरपूर झाले; फक्त प्रत्येकाला वेळ, जागा आणि जबाबदार माणूस मिळाला.

सॉफ्टवेअरने हा धडा तुकड्यातुकड्याने घेतला, आणि सुरुवातीला त्यातला सर्वांत सोपा तुकडा उचलला. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस तयार केले, वॉल्टर टिची यांचे आरसीएस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. दोन्ही साधने एकेका फाइलचा इतिहास चोख सांभाळत, पण संपूर्ण उत्पादनाची अवस्था त्यांच्या नजरेत नव्हती. त्यानंतरच्या सीव्हीएस या साधनात अनेक फाइलींवर एकच टॅग, म्हणजे नावाची खूण, लावता येई. तो टॅग नंतर हलवताही येई, आणि ज्याची जागा गुपचूप सरकू शकते त्याला पाया म्हणता येत नाही.

पुढचे पाऊल डेव्हिड लेब्लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. अपोलो कॉम्प्युटर या कंपनीत (तिचा चांद्रयानाशी संबंध नाही) त्यांनी डीएसईई हे साधन घडवले. पुढे त्यांतल्या काहींनी अट्रिया ही कंपनी काढली आणि १९९२ मध्ये तिचे क्लिअरकेस हे साधन बाजारात आले. त्याचा डायनॅमिक व्ह्यू हा तेव्हाचा चमत्कार होता. कोणत्या फाइलची कोणती आवृत्ती दिसावी याचे नियम लिहून ठेवायचे. नियमात शाखेवरची ताजी आवृत्ती मागितली असेल, तर सहकाऱ्याने बदल नोंदवताच तो आपल्या पडद्यावर हजर. पण याच चमत्काराने मूळ प्रश्न पुन्हा उभा केला. सकाळी चालणारा प्रोग्राम दुपारी मोडला, तर दोष स्वतःचा की दुसऱ्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. पाया दुसऱ्याच्या हाताने, न सांगता बदललेला असे. २००० च्या आसपास क्लिअरकेसमध्ये आलेल्या यूसीएम या कार्यपद्धतीने यावर उत्तर शोधले. तिच्यात प्रत्येक प्रवाह ठरावीक बेसलाइनींवर बांधलेला असतो आणि इतरांनी कितीही काम नोंदवले तरी तो जागचा हलत नाही. प्रकल्पप्रमुख एखादी बेसलाइन तपासून तिची शिफारस करतो, आणि विकासक आपल्या सोयीच्या क्षणी रिबेस करतो, म्हणजे आपला प्रवाह तिच्यावर आणून बसवतो. रिबेस लगेच पक्का होत नाही. आधी दोन्हीकडचे बदल एकत्र मिसळले जातात, म्हणजे मर्ज होतात, विकासक बांधणी आणि चाचणी करून पाहतो, मग तो पूर्ण झाल्याचे सांगतो. जमले नाही तर सगळे रद्द करून जुन्या पायावर परतता येते. प्रकल्पाने तसे धोरण ठेवले, तर शिफारस झालेल्या बेसलाइनवर आल्याशिवाय आपले काम पुढे पोचवताच येत नाही. क्षण निवडण्याचे स्वातंत्र्य आणि एका मर्यादेपलीकडे मागे न राहण्याचे बंधन, दोन्ही एकाच यंत्रणेत बसवलेले होते. लो यांच्या मंडळाचा न्याय इथे प्रत्येक विकासकाच्या टेबलापर्यंत पोचला, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच घटना.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की स्वतःच्या जुन्या पायावर निवांत बसलेला गट अखेरीस डोंगराएवढे मर्ज ओढवून घेतो. त्यापेक्षा सर्वांनी रोज एकाच मुख्य शाखेत काम मिसळावे. या आक्षेपातला अनुभव खरा आहे. महिनोन् महिने रिबेस न करणारे गट होते आणि त्यांचे हालही झाले. पण रोज मिसळणाऱ्यांकडेही चाचणीत उत्तीर्ण झालेली शेवटची अवस्था निराळी ओळखली जातेच, आणि शहाणा माणूस नवे काम तिच्यावरच सुरू करतो. म्हणजे बेसलाइन तिथेही आहे, फक्त तिचे आयुष्य काही तासांचे आहे. आक्षेप दोन बेसलाइनींतल्या अंतरावर आहे आणि तो रास्त आहे. बेसलाइनवर तो लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप गिटच्या नावाने घेतला जातो. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिले, मध्यवर्ती मंडळे आणि जड साधने मागे पडली, तेव्हा हा सारा खटाटोप इतिहासजमा झाला, असे म्हणतात. मग ज्या प्रकल्पासाठी गिट जन्मले, तिथली रीत पाहावी. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी साधारण दोन आठवडे नवे काम स्वीकारले जाते. मग ते दार बंद होते आणि पुढचे काही आठवडे एकामागून एक चाचणी-आवृत्त्या निघतात. कर्नलचे अधिकृत मार्गदर्शन उपविभागांच्या प्रमुखांना सांगते की मुख्य कोडसाठ्यातले काम वाटेल तेव्हा आपल्या शाखेत ओढू नका. ओढायचेच असेल तर प्रकाशित आवृत्तीसारख्या ओळखीच्या टप्प्यावर ओढा, आणि ते का केले हे नोंदीत लिहा. साधन मोकळे मिळाल्यावर अनुभवी माणसांनी आपण होऊन तोच नियम पुन्हा घालून घेतला. मंडळ गेले, बेसलाइन राहिली.

आता प्रश्न एका कोडपुरता राहिलेला नाही. गाडीसारख्या उत्पादनात आवश्यकतांची कागदपत्रे, आराखडे, चाचण्या आणि डझनावारी संगणकांवरचे सॉफ्टवेअर यांचे प्रवाह वेगवेगळे असतात, आणि उत्पादनाचा मोठा प्रवाह त्यांच्या बेसलाइनी एकत्र बांधून होतो. ब्रेकची नवी बेसलाइन घेतली आणि तिच्या चाचण्यांची जुनीच ठेवली, तर उत्पादन कागदावर पूर्ण दिसते आणि प्रत्यक्षात न तपासलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला आर१५६ हा नियम जानेवारी २०२१ पासून अमलात आहे; सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी आणि नंतर गाडीत काय आहे, याची नोंद तो उत्पादकाकडे मागतो. पुण्यात युरोपातल्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या रोजच्या कामाला हा नियम थेट भिडतो. त्यांना एवढीच विनंती आहे, की प्रवाह नव्या बेसलाइनवर नेताना नोंदीच्या चौकटीत ‘अपडेट’ एवढेच लिहून सोडू नका. ही बेसलाइन आणि आजचाच दिवस का निवडला, ते दोन वाक्यांत लिहा आणि खाली आपले नाव घाला.