हिमायतबाग : मालकी आणि मशागत

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला इतिहासाच्या शोधात दूर जावे लागत नाही. साधा पत्ता सांगतानाही तो इतिहासच उच्चारीत असतो. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावे मोगलांच्या चाकरीत इथे आलेल्या राजपूत सरदारांची. आपले नगर असे धन्यांच्या नावांनी भरलेले आहे. मात्र उत्तरेस दिल्ली दरवाजापाशी असलेल्या हिमायतबागेत पाऊल ठेवले, की धनीपणाचा वेगळाच अर्थ ध्यानात येतो.

सुमारे ३०० एकरांची ही बाग सतराव्या शतकातली. पूर्वी तिला मोगल बाग म्हणत. अशा बागा राजघराण्याच्या विसाव्यासाठी असत. सामान्य माणूस आत शिरे तो बहुधा माळी वा मजूर म्हणून. मोगलांमागून आसफजाही आली. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. १९७२ मध्ये परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आज त्याच विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका या बागेत आहे.

धनी बदलले, तरी बागेची मुख्य गरज बदलली नाही. ती गरज पाण्याची. १६१० साली खडकी वसविणाऱ्या मलिक अंबराने डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने नगरात आणले. लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी पुरुषाने नगराला पाणी दिले. नाव पुढे औरंगजेबाचे लागले. २०२३ मध्ये तेही बदलले. नावे अशी येतात आणि जातात. पाणी आटले तर मात्र नगरच उरत नाही.

रोपवाटिकेतले काम पाहावे. कोयीपासून वाढविलेल्या खुंटावर उत्तम आंब्याची काडी बांधतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. या बागेचेही तसेच झाले आहे: राजविलासाच्या खुंटावर शेतकऱ्याच्या गरजेचे कलम जडले आहे.

पण कलम नुसते बांधून भागत नाही. ते जोपासावे लागते. धन्याची बाग त्याच्या धाकाने राखली जाई. सर्वांची बाग कोण राखणार? सर्वांचे ते कुणाचेच नाही, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या मराठवाड्याला ती परवडणारी नाही. बाग आपल्या नावावर झाली, इतक्याने आपण तिचे धनी होत नाही. तिची मशागत अंगावर घेऊ, तेव्हाच होऊ.