क्लेमची दुरुस्ती आणि तिची जबाबदारी

भारतात मोटारविम्याची सक्ती आली ती दुसऱ्याच्या नुकसानीपुरती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले आणि तिसऱ्या पक्षाचा विमा बंधनकारक ठरला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिकच राहिला. सदोष दुरुस्तीचे वाद उभे राहिले ते या ऐच्छिक भागात.

१९७३ पासून सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांकडे गेला. दर आणि अटी ‘टॅरिफ’ने ठरत, त्यामुळे कोणत्याही कंपनीची पॉलिसी घेतली तरी मजकूर तोच असे. गाडी दुरुस्त करून द्यायची, भाग बदलून द्यायचे की रोख रक्कम द्यायची, हा निर्णय पॉलिसीने कंपनीच्या मर्जीवर सोडला होता. २००२ च्या टॅरिफमध्येही मालकाला आपल्या अधिकारात दुरुस्ती सुरू करण्याची मुभा होती ती अवघ्या ५०० रुपयांपर्यंतच्या अंदाजपत्रकाला. एवढ्या पैशांत चेपलेला दरवाजासुद्धा धड सरळ होत नसे. म्हणून अपघातग्रस्त गाडी गॅरेजच्या आवारात उभी राही आणि सर्व्हेअर येईपर्यंत तिला हात लागत नसे.

सर्व्हेअरच्या परवान्याची तरतूद विमा कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने आली. २०,००० रुपये किंवा त्याहून मोठ्या दाव्याला त्याचा अहवाल आवश्यक झाला. त्याचे काम नुकसान मोजण्याचे. टॅरिफप्रमाणे रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जाई, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. दुरुस्तीनंतर तो पुन्हा येई तो प्रामुख्याने बिलात लावलेला भाग खरोखर बदलला आहे का, हे पाहायला. वेल्डिंग नीट बसले का, रंगाखाली पुट्टीचा जाड थर तर नाही ना, चासी सरळ झाली का, हे तपासणे त्याच्या नेमणुकीत मोडत नव्हते. बिलावर पहारा बसला, पण कामावर बसला नाही. या व्यवस्थेचा मूळ दोष तोच.

तरीही जोवर मालक आधी स्वतः बिल भरी आणि मग कंपनीकडून परतावा घेई, तोवर गॅरेजवाल्याला त्याची नाराजी परवडत नसे. काम बिघडले तर मालक पैसे अडवून धरू शकत होता. २००० नंतर खासगी कंपन्या बाजारात आल्या आणि ‘कॅशलेस’ रुळले. कंपनीशी करार असलेले गॅरेज बिल थेट कंपनीकडे पाठवू लागले. मालकाने घसाऱ्याचा आणि वजावटीचा आपला वाटा भरायचा, ‘काम समाधानकारक झाले’ अशा छापील कागदावर सही करायची आणि चावी घ्यायची. सही बहुधा काउंटरवरच होते. गाडी रस्त्यावर वेगाने चालवून पाहण्याआधी. स्टिअरिंग एका बाजूला ओढते, दाराच्या फटीतून पाणी येते, हे नंतर कळते. तोवर अडवून धरण्यासारखे पैसे मालकाच्या हाती उरलेले नसतात.

मग गॅरेजचा ग्राहक कोण, हा प्रश्न उरतो. इंग्लंडच्या न्यायालयांपुढे तो आधीच आला होता. १९६८ च्या ‘चारनॉक विरुद्ध लिव्हरपूल कॉर्पोरेशन’ खटल्यात पाच आठवड्यांच्या कामाला गॅरेजने आठ आठवडे लावले होते. बिल विमा कंपनी देणार असली तरी वाजवी वेळेत काम करण्याचा करार गॅरेज आणि मालक यांच्यातही आहे, असे अपील न्यायालयाने ठरवले. १९७२ मध्ये ‘ब्राउन अँड डेव्हिस विरुद्ध गॅलब्रेथ’ खटल्यात त्याची दुसरी बाजू स्पष्ट झाली. विमा कंपनी बुडाली म्हणून गॅरेजला मालकाकडून बिल वसूल करता येणार नाही, असा निकाल लागला. पैशाचे नाते कंपनीशी आणि कामाचे नाते मालकाशी, ही फोड न्याय्य होती.

भारतात ही अडचण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येनेच सुटली. सेवा दुसऱ्याने पैसे मोजून घेतली असली तरी त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारा माणूसही ग्राहक ठरला. त्यामुळे कॅशलेस दुरुस्तीतही मालक गॅरेजविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार करू शकतो, आणि कंपनीलाही सोबत प्रतिवादी करू शकतो. कागदावरच्या सहीची दहशतही कमी झाली. १९९९ च्या अजमेरसिंग कॉटन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फसवणुकीने किंवा दडपणाने सही घेतली असेल, तर दाव्याची रक्कम पूर्ण मिळाल्याच्या व्हाउचरवर सही आहे, केवळ एवढ्यामुळे दावा बंद होत नाही. २००९ च्या प्रदीपकुमार प्रकरणात सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, हेही स्पष्ट झाले.

विमा लोकपालाची विनाशुल्क वाट १९९८ च्या नियमांनी खुली झाली. तिथे आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने कंपनीच्या सेवेतील त्रुटीही लोकपालाच्या कक्षेत आल्या, गॅरेज मात्र बाहेरच राहिले. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगातच जावे लागते, तेही दोन वर्षांच्या मुदतीत. तिथे दोष सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचा तपासणी अहवाल आणि फोटो मोलाचे ठरतात. पूर्वी सामान्यतः प्रतिवादीच्या जिल्ह्यात जावे लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही दाद मागता येऊ लागली.