फ्लॉरेन्सची बोली, आमची बोली

कॉलेजात मायनर म्हणून इटालियन घेतलं, ते निव्वळ क्रेडिटसाठी. मग कळलं, १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा, भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार, इटालियन बोलणारे जेमतेम अडीच टक्के होते. बाकीच्यांच्या घरात नेपोलितन, सिसिलियन, व्हेनेशियन. प्रमाण ठरली दान्तेच्या फ्लॉरेन्सची बोली. मिलानच्या मान्झोनीने तर आपली छापून झालेली कादंबरी त्या बोलीच्या वळणाने पुन्हा लिहून काढली.

मी घरी वऱ्हाडी बोलतो, पुण्यात लपवतो. म्हटलं, आपल्या बोलीला दान्ते मिळाला नाही. मग आठवलं, मराठी गद्याचा आद्यग्रंथ 'लीळाचरित्र' रिद्धपूरचा. आमच्याच अमरावती जिल्ह्यातला, आणि दान्तेच्या महाकाव्याआधीचा!

त्या रात्री होस्टेलच्या व्हरांड्यातून आईला फोन लावला. वऱ्हाडीत, मोठ्याने.