डॅशबोर्डवरचे मायलेज : मोजलेले की अनुमानिलेले?

१९७३च्या तेलसंकटानंतर अनेक अमेरिकी मोटारींत इंधनबचतीचा काटा दिसू लागला. तो वस्तुतः इंधन मोजतच नसे. इंजिनाच्या शोषणनळीतील निर्वात तेवढा दर्शवी. १९७८च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि काट्याची जागा आकड्याने घेतली. आकडा अधिक विश्वसनीय भासतो, खरी गोम तीच! इंजेक्टर किती काळ उघडा राहिला यावरून संगणक इंधनाचे अनुमान बांधतो, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतराचे. झिजलेला टायरही त्यास चकवतो.

हे निर्मात्यांना ठाऊक होतेच. १९९८ साली आलेल्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या (ई-४६) छुप्या मेन्यूत एक दुरुस्ती-गुणक होता. मूळ मूल्य १०००. टाकी काठोकाठ भरावी, गाडी चालवावी, पुन्हा भरावी. पडदा १०० किलोमीटरला ८ लिटर सांगत असेल आणि पंपावर ८.४ भरावे लागले, तर गुणक १०५० करायचा.