पॉइंट घासण्याचे दिवस

जुन्या मोटार गॅरेजांत ‘डेल्को’ हा शब्द अजूनही कानावर पडतो. ‘डेल्को उघड’, ‘डेल्कोत पाणी गेलंय’, ‘डेल्को जरा फिरवून टायमिंग लाव’. पुस्तकात ज्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, चार प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा तो काळ्या टोपीचा डबा म्हणजे डेल्को. हा शब्द कोणत्या भाषेतला, असे आम्ही एका वयस्कर मिस्त्रींना विचारले. ‘मोटारीच्याच’, ते म्हणाले.

उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तिथे १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द. यातले केटरिंग आपल्याला जवळचे वाटावेत असे आहेत, कारण एंजिनिअर होण्याआधी ते खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून त्यांनी नाव मिळवले आणि मग ते मोटारगाडीकडे वळले. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत त्यांची प्रज्वलन-पद्धती आली, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. छोट्या मोटारीची जी नित्याची निगा आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी राखली, तिच्यातल्या बऱ्याच कामांचे मूळ या एका माणसापर्यंत जाते. ती कामे ज्या कारणाने संपली, त्याचा मात्र मालकाच्या सोयीशी फारसा संबंध नव्हता.

पेट्रोल इंजिनात प्लगच्या फटीत ठिणगी पडायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि बॅटरी असते सहा किंवा बारा व्होल्टची. केटरिंगची युक्ती अशी. एका लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळायचे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा, चुंबकीय क्षेत्र तयार होऊ द्यायचे आणि तो प्रवाह एकदम तोडायचा. क्षेत्र कोसळते, आणि बारीक तारेत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. प्रवाह तोडण्याचे काम एकमेकींना टेकलेल्या दोन बारीक धातूच्या टिकल्या करतात. त्यांना म्हणायचे ‘पॉइंट’. इंजिनाबरोबर फिरणारा चौकोनी दांडा प्रत्येक कोपऱ्यागणिक त्यांना विलग करतो. फट किती? तर साधारण ०.४ मिलिमीटर.

आता एक हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना चार ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे असे धरू. मग ५,००० किलोमीटरला १०० तास लागतील, आणि तेवढ्या वेळात पॉइंट उघडतील ३ कोटी ६० लाख वेळा! दर वेळी त्यांच्यामध्ये लहानशी ठिणगी पडते. ती शमवायला कंडेन्सर असतोच, पण पूर्ण शमत नाही. एका टिकलीवरचा धातू निघून दुसरीवर बसतो, इकडे खड्डा आणि तिकडे टेंगूळ. म्हणून दर काही हजार किलोमीटरला पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, फट मोजायची, फारच झिजले तर नवे घालायचे.

आपल्याकडे हे काम घरोघरी नेले ते फियाटने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकापासून फियाट ११०० जातीच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेले ‘डिलाइट’ हे रूप पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखले गेले. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट, आणि बॉनेट उघडले की प्रत्येक भागापर्यंत हात पोचेल एवढी जागा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच.

या गाडीच्या तक्रारी सुट्या सुट्या नसत, एकीतून दुसरी निघे. पॉइंटच्या पट्टीला एक फायबरची टाच असते. ती फिरत्या दांड्यावर घासून झिजली की फट लहान होते. फट लहान झाली की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. मग ज्वलन लांबते, ताकद कमी होते, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिन तापते. आता मे महिन्यात अशी गाडी कसारा घाट चढू लागली, तर? रेडिएटरचे पाणी उकळते हे एक. दुसरे अधिक चमत्कारिक: पेट्रोल असूनही गाडी बंद पडते. त्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असे (गॅरेजमध्ये त्याला ‘एसी पंप’ म्हणत, थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही). पंप ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक असेही चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. पंपात पेट्रोलऐवजी वाफ जमते आणि पंप नुसताच वाफ दाबत-सोडत बसतो. याला व्हेपर लॉक म्हणतात.

यावर ड्रायव्हर लोकांचा उपाय होता ओले फडके. पंपावर ते गुंडाळायचे, वर लोटाभर पाणी ओतायचे आणि एक विडी संपेपर्यंत थांबायचे. दर ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता खेचली जाते, म्हणजे हा आपला माठच. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फडके पटकन काम करी, मुंबईच्या दमट हवेत रेंगाळे. जुलैत गोष्ट उलटी. तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर डेल्कोच्या टोपीत ओल शिरे, उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी त्या ओलीवरून भलतीकडे निसटे, आणि ड्रायव्हर टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसू लागे. एकाच गाडीला मे महिन्यात ओले फडके आणि जुलैत कोरडे!

केटरिंग यांची दुसरी देणगी पेट्रोलमध्ये होती. पुढे ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली टॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधून काढले की, शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये चिमूटभर घातले तर इंजिनाचे ‘नॉकिंग’ थांबते. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. तरी हे पेट्रोल जगभर गेले, आणि धुरातून शिसे रस्त्यावरच्या मुलांच्या रक्तात गेले. निगेच्या यादीतही एका कामाची भर पडली. शिशाचे क्षार प्लगवर साचत, म्हणून प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करणे आणि त्याच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखणे हे ज्ञान प्रत्येक मिस्त्रीला असे. काळा काजळलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पांढुरका म्हणजे इंजिन जास्त तापते आहे. आमच्या मते मोटारीच्या कारभारातले हे सर्वांत सुंदर निदान होते.

मग हे सगळे गेले कसे? ट्रान्झिस्टरने प्रवाह तोडता येतो हे साठच्या दशकातच सिद्ध झाले होते, तशी साधने विकतही मिळत. पण पॉइंट स्वस्त होते आणि घासायला मालक होता. बदल घडवला तो हवेविषयीच्या कायद्याने. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात मोटारींच्या धुराचा मोठा वाटा आहे हे आरी हागेन-स्मिट यांनी पन्नाशीच्या दशकात दाखवले. १९७० च्या अमेरिकन कायद्याने धूर सुमारे ९० टक्के कमी करायला सांगितले. त्यातली मेख पुढे होती: ५ वर्षे किंवा ५०,००० मैल (सुमारे ८०,००० किलोमीटर) गाडी तेवढीच स्वच्छ राहिली पाहिजे आणि त्याला कारखानदार जबाबदार. पाच-दहा हजारांत ज्यांची फट बदलते त्या पॉइंटांवर ही हमी कोण देणार? क्रायसलरने १९७३ पर्यंत, जनरल मोटर्सने १९७५ पर्यंत आपल्या गाड्यांतून पॉइंट काढून टाकले. १९७५ च्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होते, आणि एखाद्या प्लगने दगा दिला तर न जळलेले पेट्रोल आत जळून तो वितळू शकतो. म्हणजे या एका डब्याने केटरिंग यांच्या दोन्ही देणग्या एकदमच निवृत्त केल्या. कायद्याने मालकाची मेहनत वाचवली असे म्हणतात, पण खरे तर त्याने मालकावर भरवसा ठेवायचे नाकारले.

आपल्याकडे ही कहाणी वीस वर्षांनी घडली आणि भराभर घडली. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० सुद्धा कार्बोरेटरचीच होती. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला. १ फेब्रुवारी २००० रोजी देशभरातून शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याच सुमारास नव्या प्रदूषण-मर्यादांमुळे मारुतीत इंधन फवारणारी एमपीएफआय पद्धत आली. तिचा विजेचा पंप टाकीतच बसतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी वातावरणाच्या सुमारे तिप्पट जादा दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही, तेव्हा ओल्या फडक्याचेही काम संपले.

सगळी निगा संपली असे नाही. तेल बदलावेच लागते, ब्रेकचे पॅड झिजतातच. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर जाते, माती आत जाते, आणि वळणावर टकटक ऐकू येते. पण पूर्वी बिघाड हळूहळू येई. गाडी आधी कुरकुरे, मग अडखळे, आणि कानाला सवय असणारा ओळखी. आता दांड्याची स्थिती सांगणारा छोटा सेन्सर गेला की चालती गाडी सूचना न देता थांबू शकते, आणि निदान स्कॅनर करतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या धुराची आठवण काढून हळहळावे असे आम्हाला वाटत नाही. ज्या मिस्त्रींची बोटे फटीचा अंदाज न मोजता घेत, त्यांच्याविषयी मात्र वाटते.

भंगारवाल्याकडे जुना डेल्को मिळाला तर तो वर्गात जरूर आणा. चौकोनी दांडा हाताने फिरवला की पॉइंट उघडताना-मिटताना दिसतात. मोटारीची कॉइल मात्र चालवून दाखवू नये, तिचा झटका वाईट असतो. त्याऐवजी ट्यूबलाइटचा जुना, जड, तारेच्या वेढ्यांचा चोक घ्या. त्याच्या दोन टोकांना स्विचबोर्डवरचा निऑनचा लाल इंडिकेटर जोडा (एलईडीचा चालणार नाही). मग सहा व्होल्टच्या बॅटरीची एक तार चोकला पक्की जोडा आणि दुसरी प्लॅस्टिकच्या आवरणाला धरून नुसती टेकवा-उचला. उघड्या टोकांना हात लावू देऊ नका. निऑनला पेटायला सत्तर-ऐंशी व्होल्ट तरी लागतात, तरीही तो चमकतो. तार टेकवताना चमकतो की उचलताना, हे मुलांना आधी ओळखायला सांगा. मग ती तार एखाद्या कानशीवरून सरकवा आणि वर्गात थोडा अंधार करा.