बांधकाम कंत्राटदार : परवाना, नोंदणी आणि विमा

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात खासगी इमारती बांधणाऱ्या कंत्राटदारांसाठी सर्वत्र लागू होणारा एकच व्यवसाय परवाना अस्तित्वात नाही. दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थानातील जिल्हे या क्षेत्रात मोडत असल्याने परवाना देणारे अधिकारीही भिन्न आहेत. कंत्राटदाराची जबाबदारी प्रामुख्याने कामगारविषयक कायद्यांवरून ठरते.

परवाना : 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार 20 किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या कंत्राटदारास परवाना बंधनकारक होता. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि ही मर्यादा 50 झाली. वीजजोडणीची कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या कामांसाठी कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करतो. मात्र खासगी घरमालकास अशा छाननीचा आधार नसतो.

विमा : बांधकामस्थळावरील कामगारांना 1 ऑगस्ट 2015 पासून कर्मचारी राज्य विमा योजना लागू झाली. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असलेल्या कामगारासाठी मालकाने वेतनाच्या 3.25 टक्के व कामगाराने 0.75 टक्के अंशदान भरावयाचे असते. या योजनेबाहेरील कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास अथवा त्यास अपंगत्व आल्यास भरपाईचे दायित्व मालकावर येते. व्यवसायासाठी कंत्राट देणाऱ्या विकासकाकडूनही ती मागता येते. स्वतःचे घर बांधून घेणाऱ्यास ही तरतूद सहसा लागू होत नाही. अशा ठिकाणी कंत्राटदाराने विमा उतरवला नसेल, तर मृताच्या कुटुंबाचा हक्क कागदावरच राहण्याचा धोका असतो. इमारत, साहित्य व त्रयस्थांच्या हानीसाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

विकासकाचे दायित्व : 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे आहेत. कलम 16 मधील जमिनीच्या मालकीहक्काचा व बांधकामाचा विमा मात्र संबंधित सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी : 15 नोव्हेंबर 2010 रोजी पूर्व दिल्लीतील ललिता पार्क येथे इमारत कोसळून 60 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. 17 जुलै 2018 रोजी ग्रेटर नोएडातील शाहबेरी येथे दोन इमारती कोसळून नऊ जण दगावले. कामाचा करार करण्यापूर्वी कंत्राटदाराचा परवाना, राज्य विमा योजनेचा संकेतांक, अंशदानाच्या पावत्या आणि पॉलिसीची मुदत तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.